धुतलेले दाणे

गेल्या जानेवारीत तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन मी अंबडच्या एका रासायनिक कारखान्यात गेले होते. अभ्यासक्रमात अशी एक भेट असते. मुलं हेल्मेट घालून फोटो काढतात, कारखाना चहा-बिस्किटं देतो आणि परत आल्यावर सगळे एकमेकांचा अहवाल उतरवून काढतात. प्लांट दाखवण्याआधी आम्हाला ट्रेनिंग हॉलमध्ये बसवलं. प्लांट मॅनेजर स्वतः बोलायला उभे राहिले. बोलणं रंगतदार होतं, मुलं ऐकत होती. मग पडद्यावर एक चित्र आलं. स्टीलचं उंच नळकांडं, शेजारी मूठभर तपकिरी दाण्यांचा फोटो, आणि कुणीतरी हौसेनं काढलेलं व्यंगचित्र: एक मिशीवाला माणूस त्या नळकांड्याला साबण लावून अंघोळ घालतो आहे. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘ऑपरेटर एरर’.

“आमच्याकडे एक ऑपरेटर होते,” मॅनेजर म्हणाले. “फार स्वच्छताप्रिय. दसऱ्याच्या पूजेआधी त्यांनी आमच्या कॅटॅलिस्टलाच अभ्यंगस्नान घातलं. दोन दिवस! उटणं तेवढं राहिलं.”

मुलं हसली. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, “शँपू कुठला सर?” आणि पुन्हा हशा झाला. मॅनेजरही हसले.

तो मिशीवाला माणूस म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. त्यांना मिशी नव्हती.

आणि ते दाणे दोन दिवस धुवायला त्यांना सांगितलं होतं दोघांनी. एक हे हसणारे मॅनेजर, जे तेव्हा शिफ्टचे प्रमुख होते. दुसरी मी.

हे मी आजवर लिहिलं नाही, कारण लिहायला बसलं की राग येतो. दुःख झालं असतं तर चाललं असतं. पण रागात लिहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी वाचवत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून दिवसाला दोन-तीन परिच्छेद, एवढ्याच गतीनं लिहिते आहे.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो, आणि पुढे कारखान्यातही सगळे तेच म्हणू लागले. निफाडकडच्या एका गावातून ते बारावीनंतर अंबडला आले आणि या कारखान्यात हेल्पर म्हणून लागले. पुढे ऑपरेटर झाले. साबणात, तेलात, अगरबत्तीत घालायचं एक सुगंधी एस्टर तिथे बनतं. अल्कोहोल आणि सेंद्रिय आम्ल एकत्र तापवायचं, आणि ते दोघे लवकर जुळावेत म्हणून त्यात गंधकाम्ल ओतायचं. गंधकाम्ल इथे उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट असतं. ते स्वतः खर्च होत नाही, दोघांची गाठ घालून देतं आणि बाजूला होतं, असं मी वर्गात सांगते. पुस्तकात ते बाजूला होतं. कारखान्यात होत नाही. ते मालातच राहतं, मग त्याला सोड्यानं मारावं लागतं, माल पाण्यानं धुवावा लागतो, ज्या मोठ्या बंद टाकीत तो तापवतात ती किटली धुवावी लागते, आणि काळपट, उग्र वासाचं जे पाणी उरतं ते कुठेतरी न्यावं लागतं.

त्या कुठेतरीच्या आधी ते आप्पांच्या शर्टावर यायचं. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची. भोकं आधी दिसत नसत. धुऊन दोरीवर टाकले की शर्टातून उजेड यायचा. आप्पांचे पुढचे दात झिजून निम्मे झाले होते. आम्लाच्या वाफेनं दाताचं कवच जातं, हे मला एम.एस्सी.ला कळलं. तोवर मला वाटायचं की आमच्या घराण्यातच दात आखूड आहेत. त्या दातांची चौकशी करायला कधी समिती बसली नाही.

धुण्याचा नियम मात्र कडक होता. बॅच झाली की किटली धुवायची, आणि खालून निघणाऱ्या पाण्यात पीएचचा कागद बुडवायचा. कागद लाल म्हणजे आम्ल आहे, पिवळा म्हणजे अजून थोडं आहे. हिरवा झाला की थांबायचं. आप्पांच्या तोंडी तो धर्मच होता. दुसऱ्या शिफ्टवाले पिवळ्यालाच हिरवा म्हणतात, याचा त्यांना मनापासून संताप यायचा. “डोळे फुटलेत का त्यांचे?” ते जेवताना म्हणायचे. “हळद आन कोथिंबीर यांना एकच दिसती.” शेवटची दोन-चार पानं उरलेली कागदाची पुस्तकं ते मला आणून द्यायचे. मी चिंच, ताक, विहिरीचं पाणी, आईचा साबण, सगळं तपासून वहीत लिहायची. मी रसायनशास्त्राकडे गेले ती त्या पुस्तकांमुळे. हे मी भाषणात कधी सांगत नाही, कारण ऐकणाऱ्यांना ते गोड वाटतं, आणि मला त्यातलं काही गोड वाटत नाही.

मग एका वर्षी कारखान्यानं पद्धत बदलली. गंधकाम्लाच्या जागी दाणे आले. नाचणीपेक्षा थोडे मोठे, मातकट तपकिरी, हातात घेतले तर कोरडे आणि निरुपद्रवी. स्टीलच्या उंच नळकांड्यात ते भरायचे, वरून कच्चा माल सोडायचा, खालून एस्टर घ्यायचं. आम्ल दाण्यांच्या आत बांधलेलं असतं, ते मालात उतरत नाही. म्हणून सोडा नको, काळं पाणी नको, रोजचं धुणं नको.

आप्पा त्या दाण्यांच्या प्रेमातच पडले. एका छोट्या बाटलीत थोडे घेऊन ते घरी आले आणि ओट्यावर बाटली ठेवून म्हणाले, “वळख, काय हाय?”

“राळ्याचे लाडू करायचेत का?” आई म्हणाली.

“आम्ल हाय ते. गंधकाम्लाचा चुलतभाऊ. सांडत नाय, उडत नाय, शर्ट खात नाय.”

“मग ते कसलं आम्ल?”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “सांग की प्राध्यापक बाई.”

मी सांगितलं. दाणा बाहेरून गुळगुळीत दिसतो, पण आतून स्पंजासारखा पोकळ असतो. त्या पोकळ्या इतक्या बारीक की एका ग्रॅममधल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या, तर आपल्या दोन्ही खोल्यांची फरशी झाकली जाईल. आणि त्या भिंतींवर जागोजाग आम्ल चिकटवलेलं असतं. माल आत शिरतो, भिंतीला शिवतो, बदलतो आणि बाहेर पडतो.

आप्पा खाली फरशीकडे पाहत राहिले. “एवढी?” ते म्हणाले. “आन मी आपला मुठीत घेऊन फिरतोय.”

त्या वर्षी मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. दरवर्षी जूनमध्ये नेमणूक, मार्चमध्ये घरी. कायम जागेची जाहिरात पहिल्यांदाच निघाली होती आणि मुलाखत दिवाळीनंतर होती. त्या तयारीत मी अक्षरशः बुडाले होते. कुणी बोललं की बोट पुस्तकात ठेवून ऐकायचं, अशी सवय लागली होती.

दसऱ्याआधी कारखान्यात यंत्रांची साफसफाई असते. खंडेनवमीला पूजा होते, किटल्यांना, पंपांना हार घालतात, हळदकुंकू लावतात. त्या वर्षी पूजेला मालकांचे पाहुणे येणार होते, म्हणून सगळं चकचकीत हवं होतं. नवीन नळकांडं धुवायचं का, कसं धुवायचं, हे त्याच्या कामाच्या कार्डावर लिहिलेलंच नव्हतं. कार्ड लिहिणाऱ्याला वाटलं असणार की जे धुवायची गरज नाही त्याबद्दल लिहायचं कशाला. पूजा हा विषय त्याच्या डोक्यात आलाच नसेल. आप्पांनी शिफ्टच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, “सगळं म्हणजे सगळं. नेहमीसारखं धुवा.” नेहमीसारखं म्हणजे कागद हिरवा होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांचा फोन आला. प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही, म्हणून ते मुद्दाम गेटवर आले होते. मी महाविद्यालयाच्या वाचनालयात होते.

“ताई, बोलू का? वर्गावर नाय ना तू?”

“बोला पटकन.”

“ते दाणे धुतोय. कालपासनं नळी लावलीय. कागद काय हिरवा व्हायला तयार नाय. लालच्या लाल.”

“मग आम्ल शिल्लक असेल.”

“तेच म्हणतो. पण इतकं? किटली असती तर घंट्यात निवळली असती. आन खालून बुडबुडे येतायत बघ. बारीक बारीक. सोडावॉटरवानी.”

“हवा असेल आप्पा. आत पोकळ्या असतात ना. त्यांतून सगळं निघायला वेळ लागतो.”

“मग धुतच राहू?”

“न्यूट्रल होईपर्यंत धुवा.”

“साहेब पण तेच म्हणले. पण म्हणलं तुला इचारावं. साहेबापेक्षा तुझी पुस्तकं जाड.”

मी हसले आणि फोन ठेवला. बोट पुस्तकातच होतं.

मी त्यांना एकच प्रश्न विचारायला हवा होता: पाणी कुठलं? शुद्ध केलेलं पाणी असतं तर दाण्यांना काही झालं नसतं, कारण आत बांधलेलं आम्ल निव्वळ पाण्यानं सुटत नाही. पण नळीत होतं बोअरचं पाणी. आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे विरघळलेला चुना. हंड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो तो त्याचाच. असं पाणी या दाण्यांतून गेलं की पाण्यातला चुना दाण्याच्या भिंतीवर जाऊन बसतो आणि तिथलं आम्ल उठून पाण्याबरोबर बाहेर पडतं. कागद लाल होत होता तो त्यामुळे. ते सुटलेलं आम्ल पाण्यातल्या क्षारांवर पडून वायू तयार होत होता, बुडबुडे त्याचे होते. आप्पांनी मला दोन्ही लक्षणं सांगितली होती, नीट, क्रमानं, एखाद्या चांगल्या विद्यार्थ्यासारखी. कागद हिरवा होणार होता तो घाण संपल्यावर नव्हे. दाण्यांतलं सगळं आम्ल संपल्यावर होणार होता. प्रामाणिक माणूसच तिथपर्यंत पोहोचू शकतो. पिवळ्याला हिरवा म्हणणाऱ्यांपैकी कुणी त्या नळीवर असता तर अर्धे दाणे तरी वाचले असते.

आयन विनिमय, म्हणजे हीच अदलाबदल, हा प्रकार दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात आहे. त्याच सत्रात मी तो शिकवला होता. फळ्यावर आकृती काढून.

खंडेनवमीला कागद हिरवा झाला. आप्पांनी नळकांड्याला झेंडूची माळ घातली आणि पाहुण्यांनी फोटो काढले. दसऱ्यानंतर प्लांट सुरू झाला तेव्हा वरून जे सोडलं तेच खालून आलं. एस्टरचा वाससुद्धा नाही.

संध्याकाळी जेवताना आप्पांनी हे सांगितलं. आई भाकरी थापत होती.

“आप्पा, पाणी कुठलं होतं?”

“बोअरचं. आन कुठलं असणार?”

मी त्यांना समजावून सांगितलं. शेवटपर्यंत. ते ऐकत होते आणि ताटातला भात बोटानं एका बाजूला सारत होते. सांगून झाल्यावर म्हणाले, “म्हंजी मी दोन दिवस आम्ल काढत बसलो.”

“मी काढायला लावलं.”

“तू फोनवर होती. नळी माझ्या हातात होती.” मग विचारलं, “परत भरता येतं का?”

येतं. हे मला लिहिताना सगळ्यात जास्त राग येतो. दाणे मेले नव्हते. हायड्रोक्लोरिक आम्ल पातळ करून त्यांच्यातून सोडलं असतं, मग शुद्ध पाण्यानं धुतलं असतं आणि नीट कोरडे केले असते, तर ते पुन्हा पूर्वीसारखे झाले असते. घरोघरी पाणी मऊ करायची यंत्रं जशी मिठानं ताजी करतात, तसंच. मी ते एका कागदावर मराठीत लिहून दिलं. आप्पा तो कागद घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी तो वाचला नाही. “आता तुम्ही आम्हाला केमिस्ट्री शिकवणार का?” एवढं म्हणाले. दाणे ड्रममध्ये भरून यार्डात ठेवले. नवे दाणे यायला काही महिने गेले, आणि त्या काही महिन्यांत गंधकाम्ल परत आलं.

चौकशी झाली. टेबलापलीकडे तिघं जण होते, साहेब त्यांच्यातलेच एक. आप्पांना विचारलं, तुम्ही कुणाला विचारून धुतलं? आप्पांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “मी असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही.” पुढचा प्रश्न आला: आणखी कुणाशी बोलला होतात का?

“नाय,” आप्पा म्हणाले. “माझ्या मनानं धुतलं.”

हे मला त्यांनी घरी येऊन शांतपणे सांगितलं, जसं काही बाजारातून भाजी आणल्याचं सांगावं. मी ओरडले. आयुष्यात त्यांच्यावर मी तेवढी एकदाच ओरडले. म्हटलं, मी उद्या जाते, मी सांगते. ते म्हणाले, “पुढच्या महिन्यात तुझी मुलाखत. गावभर होईल, केमिस्ट्रीची बाई आन तिनंच दाणे मारले. मला रिटायर व्हायला चार वर्षं राहिलीत. मला कुठं मुलाखत द्यायचीय?”

मला कायम जागा मिळाली. आप्पांना ड्रम यार्डात पाठवलं.

मी गेले नाही. हे वाक्य मी तीन वेळा लिहून खोडलं, पण ते याच जागी येतं. मी साहेबांना जे म्हणते, त्यातलं बरंचसं मला लागू आहे. फरक इतकाच की मला सगळं आठवत होतं.

यार्ड म्हणजे पत्र्याच्या कुंपणातली उघडी जागा. रिकामे ड्रम मोजायचे, भरलेल्यांवर लेबल लावायचं. ते दाण्यांचे ड्रम तिथेच होते. त्यांच्यावरचं लेबल आप्पांनीच लावलं असणार, कारण ते त्यांचं काम होतं. किटलीजवळ उभं राहून कानानं बॅच ओळखणारा माणूस. वाफेचा आवाज बदलला की ते थर्मामीटर पाहण्याआधी झडप फिरवायचे. त्यांना उन्हात ड्रम मोजायला बसवलं, आणि त्यांनी ते काम तितक्याच नेटकेपणानं केलं, याचाही मला राग येतो. त्यांनी एकदा तरी चुकीचं मोजायला हवं होतं. मी हे त्यांना बोलून दाखवलं तर म्हणायचे, “मोजण्यानं माझं काय बिघडवलंय?”

अशी अडीच वर्षं गेल्यावर, मार्चमध्ये एका सकाळी, ड्युटीला निघताना आप्पा बुटाची लेस बांधायला वाकले आणि तसेच बसून राहिले. कारखान्याकडून एक तरुण अधिकारी पुष्पचक्र घेऊन आला. त्याला आप्पांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलेलं होतं.

तर अशा माणसाचं ते व्यंगचित्र होतं. चित्राखाली चार ओळी होत्या आणि चौथी ओळ अशी: कॅटॅलिस्ट कायमचा निकामी. म्हणजे तीन वर्षांत कुणी मी लिहून दिलेला तो कागदही वाचला नव्हता.

लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं आहे, त्यामुळे मॅनेजर मला ओळखत नव्हते. मी उभी राहिले. माझा आवाज वर्गातसुद्धा मागच्या बाकापर्यंत जेमतेम जातो. मुलांना वाटलं की मॅडम आभार मानणार.

मी म्हटलं, “हे ऑपरेटर माझे वडील होते.”

मॅनेजरांच्या हातातला रिमोट खाली आला. “ओह. मॅडम, आय अ‍ॅम सो सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं. आप्पा म्हणजे सोन्यासारखा माणूस.”

“माहीत असतं तर?”

“तर ही स्लाइड आज दाखवली नसती.”

“आज,” मी म्हटलं.

मग मी मुलांकडे वळले. फळ्यावर जाऊन तीच आकृती काढली, जी त्यांना दुसऱ्या वर्षाला काढून दिली होती. विचारलं, यातून चुन्याचं पाणी गेलं तर काय होईल? पहिल्या बाकावरच्या मुलीनं बरोबर उत्तर दिलं. म्हटलं, हे उत्तर मला त्या दिवशी देता आलं नव्हतं. वडिलांनी मला फोन करून विचारलं होतं, आणि मी पुस्तकातून मान वर न करता सांगितलं होतं की धुवा. माझ्याआधी त्यांनी शिफ्टच्या साहेबांनाही विचारलं होतं, आणि तेही धुवाच म्हणाले होते. शँपूचं विचारणारा मुलगा खाली पाहत होता. त्याच्यावर मला राग नव्हता. हसण्यासारखंच चित्र होतं ते, त्यासाठीच काढलेलं.

नंतर मॅनेजरांनी मला केबिनमध्ये नेलं. चहा मागवला. दार लावून म्हणाले, “मॅडम, एवढं मुलांसमोर... असो. मी ती स्लाइडच काढून टाकतो. विषय संपला.”

“मला ती काढायची नाहीये. दुरुस्त करायची आहे.”

“म्हणजे?”

“ऑपरेटर खोडा.”

“मग तिथे काय लिहू?”

मी त्यांच्याकडून कागद घेतला आणि लिहिलं: ‘ऑपरेटरनं दोघांना विचारलं. शिफ्टप्रमुख आणि रसायनशास्त्राची एक प्राध्यापक. दोघांनी चुकीचं सांगितलं. दाणे पुन्हा वापरण्याजोगे करता आले असते, ते केले नाहीत.’

त्यांनी वाचलं. “मॅडम, मला खरंच आठवत नाही हो.”

“मला आठवतं. त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं, साहेब पण तेच म्हणाले.”

“पण त्याला पुरावा...”

“नाही. माझाही नाही. तरी मी माझं लिहिलंय.”

मॅनेजमेंटला विचारावं लागेल, असं ते म्हणाले. चहा तसाच राहिला.

संध्याकाळी माहेरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं, फोनपासून. मला वाटत होतं की ती कोसळेल. ती लसूण सोलत होती. “मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “त्यांनी तवाच सांगितलं व्हतं.”

“मग तू मला कधी...”

“तू कवा सांगती ते बघत व्हते. तीन वरसं लावलीस. बाप गेल्यावर सांगतीयस.” आणि पुन्हा लसणाकडे वळली. तिनं मला रागावून घेतलं असतं तर बरं झालं असतं. तिनं तेवढंही केलं नाही.

दोन आठवड्यांनी मॅनेजरांनी मोबाइलवर नवी स्लाइड पाठवली. व्यंगचित्र गेलं होतं. वर ‘संवादाचा अभाव’ असं शीर्षक होतं. खाली लिहिलं होतं की योग्य माहिती न पोहोचल्यामुळे कॅटॅलिस्टचं नुकसान झालं. वाक्यात माणूसच नव्हता. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं, पाणी आपोआप आलं आणि दाणे आपोआप धुतले गेले. शेवटी हात जोडल्याचं चिन्ह.

मी उत्तर पाठवलं की स्लाइड नको, मला ऑपरेटर लोकांशी तासभर बोलायचं आहे, मराठीत, फुकट. सुरक्षा सप्ताह जवळ आला होता आणि त्यांना प्रशिक्षणाचे तास भरायचेच होते. त्यांनी हो म्हटलं.

त्याच ट्रेनिंग हॉलमध्ये तीसेक जण बसले होते. अर्धे आप्पांबरोबर काम केलेले. मॅनेजर मागच्या रांगेत, दाराजवळ. मी दाणे काय असतात ते सांगितलं, पोकळ्या, भिंती, चुना, सगळं. बुडबुडे दिसले तर थांबा, कागद लालच राहिला तर थांबा, हे सांगितलं. मग म्हटलं की हे मी एका माणसाला सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही.

पुढच्या रांगेत एक जाडजूड, डोक्यावर टक्कल पडलेले ऑपरेटर बसले होते. त्यांनी हात वर केला नाही, तसेच बोलले. “म्हंजी ताई, आप्पांची चूक नव्हती.”

“नव्हती.”

“आम्ही त्यांना दोन-अडीच वरसं अंघोळ्या म्हणत व्हतो,” ते म्हणाले. “तोंडावर. ते हसायचे.”

हे मला माहीत नव्हतं. घरी त्यांनी कधी सांगितलं नाही.

“मग कुणाची व्हती?”

“माझी,” मी म्हटलं. “आणि ज्यांनी नेहमीसारखं धुवा म्हणून सांगितलं त्यांची.”

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. एकेक करत सगळे मागे वळले. कुणाला नाव सांगावं लागलं नाही. त्या वेळी शिफ्टला कोण होतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि चौकशीच्या दिवशीही माहीत होतं.

“दाणे बदलून आणले,” ते ऑपरेटर मागे पाहतच म्हणाले, “मग आप्पांना यार्डातनं परत का नाय आणलं, साहेब?”

मॅनेजर उभे राहिले. “त्या वेळची परिस्थिती वेगळी होती.”

“काय वेगळी व्हती?”

मी मध्ये बोलले नाही. माझ्या वाट्याचं बोलून झालं होतं. मी फळ्याजवळ उभी राहिले आणि सगळ्यांसारखीच त्यांच्या उत्तराची वाट पाहू लागले.